मूत्राची साक्ष

रुग्णालयांतील प्रयोगशाळेच्या खिडकीपाशीं सकाळच्या वेळीं जी रांग लागते, तींत पुष्कळांच्या हातीं एक लहानशी बाटली असते. कोणी ती रुमालांत गुंडाळून आणतो, कोणी पदराआड धरते. रक्त काढून घ्यावयाचें म्हटलें कीं माणूस भितो. मूत्र द्यावयाचें म्हटलें कीं तो लाजतो. भीतीचें कारण समजण्याजोगें आहे, लाजेचें मात्र नाहीं. देहानें टाकून दिलेल्या ह्या पाण्यांत देहाच्या कारभाराची पुष्कळशी नोंद उतरलेली असते. ती वाचण्याची विद्या आज इतकी पुढें गेली आहे कीं, कर्करोगासारखा दुर्धर व्याधि वाढीस लागला आहे कीं ओसरत आहे, हें त्याच्या कांहीं प्रकारांत तरी ह्या बाटलीवरून सांगतां येतें. त्यासाठीं सुई लागत नाहीं, शस्त्र लागत नाहीं, कीं रोग्याला वेदना होत नाहींत. परंतु ही साक्ष केव्हां मानावी, किती मानावी आणि केव्हां तिजवर विसंबूं नये, हा प्रश्न सोपा नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना गेल्या सुमारें एकशें ऐंशीं वर्षांत पुष्कळ प्राण वांचले, आणि कांहीं कोवळ्या जिवांना विनाकारण यातनाहि भोगाव्या लागल्या.

मूत्र पाहून रोग ओळखण्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. आयुर्वेदानें प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, ते बव्हंशीं मूत्राच्या रंगरूपावरूनच. ज्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात त्याला प्रमेहाची बाधा आहे, हें निरीक्षण भारतीय वैद्यांनीं फार प्राचीन काळीं करून ठेविलें आहे. 'योगरत्नाकर' ह्या ग्रंथांत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि आणि आकृति अशी अष्टविध परीक्षा सांगितली आहे, तींत नाडीच्या खालोखाल मूत्राला स्थान दिलेलें आहे. सकाळचें मूत्र भांड्यांत घेऊन त्यावर तेलाचा एक थेंब सोडावयाचा. थेंब चटकन पसरला तर रोग साध्य, जागच्या जागीं राहिला तर कष्टसाध्य, आणि बुडाला तर असाध्य, असा तो विधि होता. युरोपांतहि मध्ययुगीन वैद्याची खूण म्हणजे त्याच्या हातांतील मूत्राचा चंबू. तो उजेडाकडे धरून निरखून पाहणारा वैद्य त्या काळच्या चित्रांतून वारंवार भेटतो.

ह्या जुन्या पद्धतींत निरीक्षण होतें, चिकाटी होती. परंतु एक मोठी उणीव होती. एकाच चंबूला सगळ्या रोगांविषयीं आणि रोग्याच्या सगळ्या भवितव्याविषयीं प्रश्न विचारला जाई. जो साक्षीदार गांवांतील प्रत्येक खटल्यांत साक्ष देतो, त्याची साक्ष अखेर कोणत्याच खटल्यांत टिकत नाहीं. युरोपांत पुढें हा धंदा भोंदूंच्या हातीं गेला आणि त्याची टवाळी झाली. आधुनिक परीक्षेचें वैशिष्ट्य असें कीं, ती मूत्राला एकच नेमका प्रश्न विचारते आणि त्याचें उत्तर मोजून घेते.

असा प्रश्न विचारतां येतो तो मूत्रपिंडांच्या रचनेमुळें. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील बहुतेक सर्व पुन्हां रक्तांत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर काय तो मूत्र म्हणून बाहेर पडतो. ह्या गाळणींतून रक्तपेशी आणि मोठालीं प्रथिनें सहसा पार होत नाहींत. लहान प्रथिनें, कांहीं संप्रेरकें आणि जनुकद्रव्याचे बारीक तुकडे मात्र निसटून येतात. कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींप्रमाणें वागत नाहींत. त्या नको तें बनवितात, किंवा हवें तें नको तितकें बनवितात. त्यांतील एखादें द्रव्य गाळणींतून निसटण्याइतकें लहान असेल, तर दूरच्या अवयवांत लपलेल्या रोगाची वार्ता मूत्रांत उतरते. हा झाला पहिला मार्ग. दुसरा मार्ग ह्याहून सरळ आहे. मूत्राशयाच्या आंतल्या अस्तरालाच कर्करोग झाला असेल, तर त्याच्या पेशीच गळून मूत्रांत पडतात आणि मूत्राबरोबर बाहेर येतात. पहिल्या मार्गानें रोगाची चिठ्ठी येते. दुसऱ्या मार्गानें रोग स्वतःच दारांत उभा राहतो.

पहिल्या मार्गाचा शोध लंडन शहरीं लागला. १८४५ सालीं तेथील एका सुस्थित व्यापाऱ्याला हाडांतील वेदनांनीं आणि अशक्तपणानें जर्जर केलें होतें. डॉ. विल्यम मॅकिंटायर आणि डॉ. टॉमस वॉटसन हे त्याची चिकित्सा करीत होते. त्याच्या मूत्राचें वागणें त्यांना चमत्कारिक वाटलें. साधें अल्ब्युमिन तापविलें म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें गोठतें आणि गोठलेलेंच राहतें. ह्या मूत्रांत नायट्रिक आम्ल घातल्यावर जो साका जमे, तो तापवितांच विरघळे आणि निवतांच पुन्हां जमे. दोघांनींहि मूत्राचे नमुने सेंट जॉर्ज रुग्णालयांतील डॉ. हेन्री बेन्स जोन्स ह्यांजकडे पाठविले. बेन्स जोन्स हे वैद्य तर होतेच, पण जर्मनींत लीबिग ह्यांच्या हाताखालीं रसायनशास्त्र शिकून आलेले होते. १ जानेवारी १८४६ रोजीं तो व्यापारी मरण पावला. शवपरीक्षेंत त्याच्या फांसळ्या इतक्या मऊ आणि ठिसूळ झालेल्या आढळल्या कीं, सुरीनें त्या सहज कापल्या जात होत्या. बेन्स जोन्स ह्यांनीं १८४७ सालीं हें सर्व प्रसिद्ध केलें आणि हाडें मऊ पडण्याच्या रोगांत ह्या द्रव्याचा पुन्हां शोध घेतला जावा, असें सुचवून ठेविलें.

त्या द्रव्याचें खरें स्वरूप कळण्यास शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १९६२ सालीं जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, रोगजंतूंशीं लढण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें तयार करतें, त्यांच्या रेणूंतील हलकी सांखळी म्हणजेच बेन्स जोन्स प्रथिन. अस्थिमज्जेंतील विशिष्ट पेशी बेलगाम वाढल्या म्हणजे मायलोमा नांवाचा कर्करोग होतो आणि त्या पेशी अशा सांखळ्यांचा नुसता पूर लोटतात. लंडनच्या व्यापाऱ्याला हाच रोग होता. आज ह्या रोगांत रक्ताच्या परीक्षेला मोठें महत्त्व आलें आहे. तथापि औषधोपचार चालू असतां चोवीस तासांचें मूत्र जमवून त्यांतील प्रथिन मोजण्याची रीत अजूनहि टिकून आहे. त्यासाठीं पहिल्या दिवशींचें सकाळचें पहिलें मूत्र टाकून द्यावयाचें आणि तेथून दुसऱ्या दिवशींच्या सकाळच्या पहिल्या मूत्रापर्यंत सगळें एका मोठ्या बाटलींत जमवावयाचें, असा नियम आहे. मध्यें एखादा वेळ चुकला तर आंकडा खोटा पडतो, आणि खोट्या आंकड्यावरून औषध कमी-अधिक होण्याचा संभव असतो. घरांतील माणसानें हें काम निगुतीनें करणें, हा उपचाराचाच एक भाग आहे.

मूत्रांतील आंकडा आणि रोग्याचे प्राण ह्यांची गांठ किती घट्ट असूं शकते, हें मात्र अमेरिकेंत १९५६ सालीं दिसून आलें. त्याची पूर्वतयारी बर्लिनमध्यें झाली होती. १९२७-२८ च्या सुमारास सेल्मर आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक ह्यांनीं गर्भवती स्त्रीचें मूत्र वयांत न आलेल्या उंदरिणींना टोंचून पाहिलें, तेव्हां त्यांच्या बीजकोशांत ठळक बदल झालेला दिसला. वारेच्या पेशी गर्भारपणांत एक संप्रेरक तयार करतात आणि तें मूत्रांत उतरतें, हें त्यावरून सिद्ध झालें. थोड्याच वर्षांत असेंहि दिसून आलें कीं, क्वचित् प्रसंगीं वारेच्या ह्याच पेशींपासून कर्करोग उद्भवतो आणि त्या रोगांत हें संप्रेरक मूत्रांत विपुल सांपडतें. गर्भ राहिलेल्या, प्रसूत झालेल्या किंवा गर्भपात झालेल्या तरुण स्त्रियांनाच गांठणारा हा रोग. तो पाहतां पाहतां फुप्फुसांत पसरे आणि मग बहुधा कांहीं महिन्यांतच स्त्रीचा अंत होई.

अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत मिन चू ली नांवाचे चीनमधून आलेले तरुण डॉक्टर रॉय हर्ट्झ ह्यांच्याबरोबर काम करीत होते. १९५६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या हातीं ह्याच रोगानें मरणोन्मुख झालेली एक तरुण स्त्री आली. फुप्फुसांतील गांठींतून रक्तस्राव होत होता. ली ह्यांनीं तिला मेथोट्रेक्सेट हें औषध दिलें. फोलिक आम्लाच्या कार्यांत अडथळा आणून पेशींची वाढ थोपविणाऱ्या औषधांच्या वंशांतील हें औषध. ह्या वंशाचा पाया ज्यांच्या नेतृत्वाखालीं लेडर्ली प्रयोगशाळेंत घातला गेला, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव आंध्रांतील भीमावरम् येथें जन्मलेले होते. १९४८ सालींच ते निवर्तले. त्या औषधाचा हा पराक्रम पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. औषधाच्या कांहीं फेऱ्या होतांच त्या स्त्रीचा रक्तस्राव थांबला. क्ष-किरणांच्या छायाचित्रांतील गांठी विरत गेल्या आणि अखेर दिसेनाशा झाल्या. औषधानें एखादी घट्ट गांठ अशी समूळ नाहींशी झाल्याचें तोंवर क्वचितच कोणीं पाहिलें होतें.

येथेंच खरा पेंच पडला. रोगी स्त्रियांना बरें वाटूं लागलें होतें, छायाचित्र निर्मळ दिसत होतें, हाताला गांठ लागत नव्हती. पण मूत्रांतील संप्रेरकाचा आंकडा उतरला असला तरी शून्यावर आला नव्हता. ली ह्यांचें म्हणणें असें कीं, संप्रेरक आहे त्या अर्थीं तें बनविणारी पेशी कोठें तरी जिवंत आहे, आणि ती आहे तोंपर्यंत औषध थांबवितां कामा नये. मेथोट्रेक्सेट हें कांहीं साधें औषध नव्हे. त्यानें तोंड येतें, केस गळतात, अस्थिमज्जा दुबळी होते. जो रोग डोळ्यांना दिसत नाहीं त्यासाठीं असें विष पाजीत राहणें म्हणजे रोग्यांवर प्रयोग करणेंच होय, असें संस्थेंतील वरिष्ठांना वाटलें. दोन्ही पक्षांना रोग्याचें हितच हवें होतें. भेद एवढाच होता कीं, एक पक्ष डोळ्यांची साक्ष मानीत होता आणि दुसरा मूत्राची. ली ह्यांनीं आपला आग्रह सोडला नाहीं. १९५७ सालीं त्यांना ती संस्था सोडावी लागली.

निवाडा काळानें केला. ज्या स्त्रियांचें औषध गांठ दिसेनाशी होतांच थांबलें होतें, त्यांच्यांत रोग पुन्हां उसळला. ज्यांना आंकडा पूर्ण उतरेपर्यंत औषध मिळालें, त्या बऱ्या झाल्या आणि बऱ्याच राहिल्या. पसरलेला घट्ट कर्करोग केवळ औषधानें कायमचा बरा झाल्याचीं हीं पहिलीं उदाहरणें होत. १९७२ सालीं ली आणि हर्ट्झ ह्यांना इतर संशोधकांसमवेत लास्कर पारितोषिक मिळालें. आज ह्या रोगांत आंकडा निरोगी पातळीवर आल्यावरहि आणखी कांहीं फेऱ्या औषध देण्याचा प्रघात आहे, आणि शंभरांतील नव्वदांहून अधिक स्त्रिया बऱ्या होतात. डोळ्यांना दिसेनासा होणें आणि नाहींसा होणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा ह्या प्रकरणाचा धडा पुढें कर्करोगाच्या सर्वच चिकित्सेनें घेतला.

ब्रिटनमध्यें ह्या धड्याला व्यवहाराचें रूप मिळालें. द्राक्षगर्भ, म्हणजे ज्यांत गर्भाऐवजीं वारेचीच द्राक्षांच्या घोंसासारखी वाढ होते अशी गर्भधारणा, झालेल्या स्त्रियांची नोंद करण्याची व्यवस्था १९७३ सालीं तेथें देशभर सुरू झाली. अशा स्त्रियांपैकीं कांहींनाच पुढें कर्करोग होतो; पण कोणाला होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून ठराविक दिवसांनीं मूत्राचा नमुना टपालानें तज्ज्ञ केंद्राकडे धाडावयाचा आणि आंकडा उतरतो आहे कीं चढतो आहे हें तेथें पाहावयाचें, अशी ही योजना. स्त्री आपल्या घरीं, तिचा संसार चालू, आणि दूरच्या शहरांत कोणी तरी तिच्या आंकड्यावर डोळा ठेवून आहे! आंकडा नीट उतरला तर तिला औषधाचें विष घ्यावेंच लागत नाहीं. चढला तर वेळीच बोलावणें येतें. औषधांच्या दुकानांत मिळणारी गर्भपरीक्षेची पट्टी ह्याच संप्रेरकाचा माग घेते. परंतु त्या पट्टीवरून घरबसल्या कर्करोगाचा निवाडा करूं पाहणें अर्थातच वेडेपणाचें होईल.

आतां दुसरा मार्ग, मूत्राशयाच्या कर्करोगाचा. फ्रँकफुर्ट येथील शस्त्रवैद्य लुडविग रेन ह्यांनीं १८९५ सालीं रंगांच्या कारखान्यांतील कामगारांना हा रोग होतो असें दाखवून दिलें. आज त्याचें सर्वांत मोठें कारण तंबाखूचें धूम्रपान हें ठरलें आहे. धुरांतील विषारी द्रव्यें रक्तांतून मूत्रांत येतात आणि मूत्राशयांत तासन् तास साठून राहतात. ह्या रोगाची खोड अशी कीं, गांठ काढून टाकली तरी तो त्याच अस्तरावर पुन्हां पुन्हां उगवतो. म्हणून मॅक्स नित्झे ह्यांनीं १८७७ सालीं प्रथम दाखविलेल्या मूत्राशयदर्शक नळीच्या सुधारलेल्या रूपानें मूत्राशय आंतून वारंवार तपासावा लागतो. धोका अधिक असेल तर पहिलीं दोन वर्षें दर तीन महिन्यांनीं, आणि नंतरहि वर्षानुवर्षें. नळी आज बारीक आणि लवचीक झाली आहे, तरीहि ती मूत्रमार्गांतून आंत घालावयाची ह्या विचारानेंच वृद्ध माणसें कासावीस होतात, आणि कांहीं तर तपासणीच चुकवितात. ह्या कामीं मूत्राची बाटली पुरेल काय, असा प्रश्न रोग्यांनीं विचारणें स्वाभाविक आहे.

१९४५ सालीं जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल ह्यांनीं मूत्रांतील गाळ कांचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांतील कर्कपेशी ओळखून दाखविल्या. उग्र स्वरूपाच्या रोगांत ही परीक्षा आजहि उत्तम काम देते, कारण त्यांतील पेशींचें रूप फार बिघडलेलें असतें. सौम्य रोगांतील पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि नजरेंतून सुटतात. पुढें पेशींतील गुणसूत्रांची मोजदाद करणाऱ्या, विशिष्ट प्रथिनें हुडकणाऱ्या, जनुकांतील बिघाड शोधणाऱ्या अनेक परीक्षा निघाल्या. त्यांतील कांहींनीं सुटलेले रोगी पकडले, परंतु कांहींनीं मूतखड्यानें किंवा जंतुदोषानें झालेल्या दाहालाहि कर्करोग ठरविलें. म्हणून आज ह्या परीक्षा नळीच्या जोडीला वापरल्या जातात. नळीची जागा त्यांनीं पूर्णपणें घेतलेली नाहीं. ज्याला अशा तपासणीची मुदत दिली आहे, त्यानें मूत्राचा अहवाल निर्दोष आला म्हणून नळीची तपासणी आपण होऊन टाळणें धोक्याचें आहे.

नवे प्रयत्न थांबलेले नाहींत. इंग्लंडमध्यें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सहा कुत्र्यांना मूत्राच्या वासावरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखण्यास शिकविलें होतें. सात नमुन्यांतून एक निवडावयाचा, अशा ५४ खेपांपैकीं २२ खेपांना त्यांनीं रोग्याचा नमुना बरोबर निवडला; नुसत्या दैवयोगानें आठएक खेपाच बरोबर आल्या असत्या. शिकवणीच्या काळांत तर एका निरोगी समजल्या गेलेल्या माणसाच्या नमुन्यावर सगळे कुत्रे हटून बसले, आणि पुढें तपासतां त्याच्या मूत्रपिंडांत कर्करोग निघाला. ईशान्य इराणमधील गुलिस्तान प्रांतांत हजारों लोकांचे नमुने जपून ठेवलेले होते. ज्यांना पुढें मूत्राशयाचा कर्करोग झाला, त्यांच्यापैकीं कांहींच्या जुन्या मूत्रांत एका जनुकांतील बिघाड रोग उघड होण्यापूर्वीं दहा वर्षांपर्यंत आढळला, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंत संगीता भाटिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तर मूत्राला बोलतें करण्याचीच युक्ति काढली. अतिसूक्ष्म कण शरीरांत सोडावयाचे. कर्कपेशींपाशीं असलेल्या विकरांनीं त्यांवरील सांखळ्या तोडल्या म्हणजे तुटलेले तुकडे मूत्रांत उतरतात. २०१३ सालीं त्यांनीं हें उंदरांवर करून दाखविलें. रोग आपण होऊन चिठ्ठी पाठवीत नसेल, तर त्याच्याकडून ती लिहवून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे.

परंतु रोग लवकर सांपडला कीं रोगी वांचलाच, असें मात्र समजूं नये. जपानचा अनुभव ह्या बाबतींत डोळे उघडणारा आहे. लहान मुलांना मज्जातंतूंच्या पेशींचा न्यूरोब्लास्टोमा नांवाचा कर्करोग होतो आणि त्याचीं द्रव्यें मूत्रांत उतरतात. तेव्हां सहा महिन्यांच्या प्रत्येक बालकाचें मूत्र तपासावें, अशी योजना १९८०-८५ च्या सुमारास जपानांत देशभर अमलांत आली. आयांनीं मूत्रांत भिजविलेला कागद टपालानें पाठवावयाचा, एवढेंच काम. परीक्षा सोपी, हेतु निर्मळ. पुष्कळ मुलांत रोग सांपडूं लागला, शस्त्रक्रिया झाल्या, औषधें दिलीं गेलीं, आणि जवळजवळ सगळीं मुलें वांचलीं असें पाहून समाधानहि झालें. मग कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत सुमारें पावणेपांच लक्ष आणि जर्मनींत सुमारें पंधरा लक्ष बालकांवर हीच परीक्षा करून, परीक्षा न झालेल्या मुलांशीं त्यांची तुलना करण्यांत आली. २००२ सालीं निष्कर्ष बाहेर पडले: परीक्षेमुळें ह्या रोगानें होणारे मृत्यु कमी झालेले नव्हते. मूत्रानें जे रोग दाखविले त्यांतले पुष्कळ आपोआप विरून जाणारे होते. आणि जे खरोखर घातक, ते परीक्षेच्या नंतर वेगानें उद्भवणारे होते. म्हणजे जीं मुलें कांहीं न करतां बरीं झालीं असतीं, त्यांच्या कोवळ्या देहांवर शस्त्र चाललें. जपाननें २००४ सालीं ही परीक्षा बंद केली. आपली चूक आंकड्यांनीं सिद्ध होतांच ती मान्य करणें ह्यांत मोठेपणाच आहे. परंतु ज्या घरांनीं ती सोसली, त्यांना त्या मोठेपणानें काय समाधान मिळणार?

बेथेस्डा आणि जपान ह्या दोन्ही ठिकाणीं मूत्र खोटें बोललें नव्हतें. बेथेस्डाला त्यानें सांगितलें कीं रोग अजून आहे, आणि तो होता. जपानांत त्यानें सांगितलें कीं येथें गांठ आहे, आणि तीहि होती. फरक विचारलेल्या प्रश्नांत होता. रोगाची ओळख आधींच पटलेली आहे, त्याचें द्रव्य ठाऊक आहे, आणि आतां तो वाढतो आहे, उतरतो आहे कीं संपला आहे एवढेंच विचारावयाचें असेल, तर मूत्राइतका सोशिक आणि बिनखर्चाचा साक्षीदार विरळा. तोच साक्षीदार लाखों निरोगी माणसांपुढें उभा करून ह्यांतला कोण मरणार आहे असें विचारलें, तर तो गोंधळ उडवितो. म्हणून मूत्राच्या एका थेंबांत सगळे कर्करोग ओळखून देण्याची हमी कोणी जाहिरातींतून देऊं लागला, तर तेलाच्या थेंबाची आठवण सुज्ञ माणसानें ठेवावी.

गृहस्थाच्या दृष्टीनें ह्यांतून दोन-तीन गोष्टी निघतात. मूत्रांतून रक्त जाणें, मग तें एकदांच कां होईना आणि त्याबरोबर वेदना मुळींच नसेना, ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. वेदना नाहीं म्हणून धोका नाहीं, हा समज तर विशेषच घातक आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते. पुष्कळदां कारण साधें निघतें, पण तें साधें आहे हें डॉक्टरनें तपासून ठरवावयाचें असतें. दुसरें असें कीं, उपचार चालू असतां मागितलेला नमुना सांगितलेल्या वेळीं, सांगितलेल्या रीतीनें द्यावा, आणि बरें वाटूं लागलें म्हणून पुढच्या तारखा चुकवूं नयेत. ज्या दिवशीं रोग्याला सर्वांत बरें वाटत असतें, त्याच दिवशीं त्या बाटलीची गरज सर्वांत अधिक असूं शकते. तिसरें असें कीं, अहवालाचा कागद घरीं वाचून आपल्याच मनानें आनंद किंवा आकांत करूं नये. एका आंकड्यापेक्षां मागच्या-पुढच्या आंकड्यांची चढउतार अधिक बोलकी असते, आणि ती ज्याला वाचतां येते त्याच्यापुढेंच तो कागद ठेवावा.

आणि ती बाटली रुमालांत लपवून नेण्याचें कांहींच कारण नाहीं. रोग छायाचित्रांतून नाहींसा झाला, हाताला लागेनासा झाला, तरी तो अजून शिल्लक आहे हें बेथेस्डाच्या त्या आजारी स्त्रियांच्या बाबतींत एका बाटलीनेंच सांगितलें होतें. आणि ज्यांच्या डॉक्टरनें तिचें ऐकलें, त्या स्त्रिया आपल्या घरीं परत गेल्या.